केबल काढलेलं घर

मुलं जे बघतात तेच उचलतात, हे मोहना कॉलेजात दरवर्षी मानसशास्त्राच्या वर्गाला शिकवायची. त्यामुळे तिचा चार वर्षांचा मुलगा ध्रुव टीव्हीवरची मारामारी बघून सोफ्याच्या उशांना बुक्के घालायला लागला, तेव्हा तिने कारेलीबागेतल्या आपल्या घरचं केबल सरळ काढून टाकलं. तिचा नवरा मुकुल ऐन क्रिकेटच्या दिवसांत रिकाम्या पडद्यासमोर बसून राहिला. पण केबल काढून आता दोन महिने होऊन गेले, तरी घरात एकदाही कुणाचा आवाज चढला नव्हता. मोहनाला त्याचा फार अभिमान होता.

बालमंदिरात जागा वीस आणि मुलं दीडशे. मुलाखतीला तिघंही आत जाऊन बसली. मोठ्या बाई पारुलबेन यांनी ध्रुवला जवळ घेतलं.

"बेटा, कोणी तुझी मोटर हिसकावून घेतली तर तू काय करणार?"

"मारणार नाही," ध्रुव म्हणाला. मोहनाचा जीव भांड्यात पडला.

"शाबाश. मग काय करशील?"

"त्याच्याशी बोलणारच नाही. शेजारच्या मुलाला सांगेन, त्याला सांग, माझी मोटर दे म्हणावं."

पारुलबेन चष्म्यावरून नवराबायकोकडे बघायला लागल्या. "हे असं कुठून शिकला हा?"



मोहना मुलाकडे वळली. "ध्रुव, तुझ्या बाबांना सांग, बाई विचारताहेत त्याचं उत्तर द्या म्हणावं."