धोंड्याचं जेवण

परातीत जयसिंगचे पाय, हातात तांब्या, आणि विलास नुसता बसलेला. पाणी काही ओतेना.

चतुराबाई मागं निरांजनाचं ताट धरून उभी होती. धोंड्याचा महिना, जावई पाटावर बसलेला, सासरा हयात नाही म्हणून मेव्हण्यानं पाय धुवायचे. काम ते केवढं! आणि पुण्याच्या ऑफिसात खुर्चीवर बसणारा तिचा लेक थिजल्यासारखा जयसिंगच्या छातीकडं बघत होता. जयसिंग भोसरीच्या फाउंड्रीतनं पहिली शिफ्ट सुटल्या सुटल्या तडक सायकल हाणत कुरुळीला आला होता. अंगात कंपनीचाच खाकी शर्ट, खिशावर पितळी बिल्ला, बिल्ल्यावर नंबर.

"भावा, पाय धुतोयस का मापं घेतोयस?" जयसिंग म्हणाला. "का हितंबी घड्याळ लावलंस?"

जयसिंगची बायको कस्तुरा पोटावरचा पदर सावरत हसली. तिला दिवस भरत आले होते, हसतानाही भिंतीचा आधार लागत होता. विलास हसला नाही. त्यानं पाणी ओतलं आणि एकच पाय धूत राहिला.

"आरं, दुसरा काय उसना आणलाय व्हय?" चतुराबाईनं मागनं झापलं.

घड्याळाचं जयसिंग उगाच बोलला नव्हता. चतुराबाई गावभर सांगायची, माझा विलास कंपन्यांना शहाणपण विकतो. कामगार कुठं उभा राहतो, किती हात चालवतो, ते घड्याळ लावून टिपायचं, त्याची कार्डांवर भोकं पाडायची आणि ती कार्डं पुण्यातल्या कॉम्प्युटरला चारायची. मग कॉम्प्युटर सांगतो, कारखान्याला कोण लागतं नि कोण जास्तीचं हाय. हे शेवटचं ती साऱ्या गावाला ऐकवायची. स्वतः तिनं ते कधी ऐकलं नव्हतं.

विलासनं खाली मान घालून जावयाला अनारशांचं वाण दिलं. पान वाढलं गेलं. जयसिंग पहिल्या घासाआधीच म्हणाला, संध्याकाळी देवळात भजनाला बसायचं, पखवाज लावून ठेव. दर शनिवारी हा गाणार नि तो वाजवणार, हे दोघांचं ठरलेलं. एरवी विलासला पखवाजापुढं जेवणही सुचायचं नाही. आज तो पखवाजाचं निमित्त सापडल्यासारखा झटक्यात उठला आणि स्वयंपाकघरात शिरला.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापावी लागते. त्यानं परातीतनं एक गोळा तोडला आणि हातात मळत चुलीपासून मागच्या दारापर्यंत गेला, तिथनं परत चुलीपाशी आला. पुन्हा गेला. कणीक काळी पडली तरी बोटं थांबेनात. त्याची बायको आदल्या दिवशीच माहेरी खेडला गेली होती. उद्या तिथं त्याचेच पाय धुतले जायचे होते.

चतुराबाई तुपाची वाटी न्यायला आत आली. जरा वेळ त्याच्या येरझाऱ्या बघत राहिली.

"मला शाळा न्हाई, पर डोळं हायेत," ती म्हणाली. "त्येचा बिल्ला बघून तुझं तोंड का उतरलं?"

विलासनं आधी काही नाही म्हणून पाहिलं. मग दाराकडं पाठ करून, आवाज खाली आणून सांगून टाकलं. त्या फाउंड्रीचं काम त्याच्याकडंच होतं. कार्डांवर माणसांची नावं नसतात, बिल्ल्याचे नंबर असतात. जयसिंगचा नंबर त्यानं जाणूनबुजून कधी विचारला नव्हता. आज तो डोळ्यांसमोर आला. जास्तीच्या माणसांत होता. सोमवारी सगळं मालकाच्या टेबलावर जाणार होतं.

बाहेर कस्तुरा नवऱ्याला सांगत होती, बाळंतपण झालं की कंपनीजवळच खोली बघू, रोजची सायकल नको. जयसिंग भरल्या तोंडानं हो हो म्हणत होता.

"काढ त्याला त्यातनं," चतुराबाई म्हणाली.

"एक काढला तर दुसरा घालावा लागतो, आई. मालकाला माणसं तेवढीच कमी करायचीत."

"मग घाल."

"कुणाला?"

चतुराबाईला उत्तराला कधी श्वास घ्यावा लागला नव्हता. तिनं तोंड उघडलं, आणि नजर मागच्या दारातनं पलीकडं गेली. गल्लीपल्याड गोजाबाईची ओसरी. बांधावरनं दोघींत भांडण झालेलं, तेव्हापासून एकमेकींच्या दारात पाय नव्हता. गोजाबाईचाही जावई आज पाटावर बसला होता. अंगात तसाच खाकी शर्ट, खिशावर तसाच पितळी बिल्ला. म्हातारी गोजाबाई पदरानं त्याला वारा घालत होती आणि तो संकोचून तिचा हात धरू बघत होता.

आई कुठं बघतेय ते विलासनं पाहिलं. तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"सांग," तो म्हणाला. "तू म्हणशील तसं करतो."

चुलीवरचं आधण उकळत होतं. चतुराबाईनं पदरानं तोंड पुसलं, तुपाची वाटी उचलली आणि त्याच्याकडं न बघता बाहेर गेली.

जयसिंगच्या पानात पुरणाचे ऊन ऊन धोंडे होते. ती वाकली आणि तूप सोडू लागली.

"बास, आत्या," जयसिंग म्हणाला.

ती सोडत राहिली.

"आत्या, बास की आता."

कस्तुरा हसत हसत आईचा हात धरायला पुढं सरकली. तूप धोंड्यांवरनं पानात उतरलं, पानाच्या कडेवरनं जमिनीवर आलं, तरी चतुराबाईची वाटी काही सरळ होईना.