विसावा घोट

"मी 'घ्या' म्हटलं की सगळं एका घोटात संपवायचं, आजोबा," कॅमेऱ्यामागून तंत्रज्ञ मुलगी म्हणाली.

पेल्यातल्या घोटभर पाण्यात किरणोत्सारी औषधाचा थेंब होता. ते पोटात उतरायला किती सेकंद लागतात, हे कॅमेरा मोजणार होता. पक्षाघातानंतर हिचं, माझ्या बायकोचं, पाणी श्वासनलिकेत जात नव्हतं, पण सावकाश उतरायचं. तो आजार की वय, हे ठरवायला डॉक्टरांना सत्तरीपुढच्या वीस निरोगी माणसांचे आकडे हवे होते. तोवर हिच्या नाकातली नळी निघणार नव्हती. एकोणीस मिळाले होते. विसावा म्हणून मी भीतभीतच नाव दिलं. मला कोणी नमुना म्हणून घेईल, असं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"घ्या."

मी दोनदा गिळलं. आवाज होऊ नये म्हणून लहानपणापासून मी थोडं थोडंच पितो.

"माझ्यामुळे वाया गेलं का?"

"परत करू," मुलगी म्हणाली.

दाराशी व्हीलचेअरवर बसलेली ही अडखळत बोलली, "पन्नास वर्षं माझी कढी चोरून प्यायल्यासारखी प्यायलात. आज मारा भुरका."

मी मारला. खोलीभर ऐकू गेला.

बारा सेकंद लागले. हिचे तेरा होते. आम्हा वीस जणांत सहज बसणारे.

दुसऱ्या दिवशी नळी निघाली. घट्टसर कढीचा पहिला चमचा हिनं अजिबात आवाज न करता गिळला. दुसरा माझ्यापुढे धरला आणि कान देऊन बसली.