भंगाराचं घमेलं

मालकांनी कुलूप स्टोअरवाल्या काकूंच्या टेबलावर आपटलं. "चारच्या आत गाडी निघाली नाही, तर स्टोअरला हे लागेल. आणि किल्ली तुमच्याकडे नसेल!"

साडेतीन वाजले होते. गाडी दारात उभी होती. चाकांच्या नऊ खुर्च्या तिच्यात चढल्या होत्या. दहावी जोडणी करणाऱ्या उस्तादांच्या टेबलावर चाकांवाचून ताटकळत होती. उद्या सकाळी याच खुर्च्यांवर बसून दहा खेळाडू बास्केटबॉलचा सामना खेळणार होते. या कारखान्यात प्रत्येक खुर्ची ज्याच्या त्याच्या मापाची. कुणाची पाठ उंच, कुणाची बैठक अरुंद, एकाची दुसऱ्याला चालायची नाही. चाकांतलं बेअरिंग मात्र सगळ्यांना एकच. दहाव्या खुर्चीला आठ बेअरिंगं हवी होती आणि स्टोअरच्या खोक्यात औषधालाही एक नव्हतं.

स्टोअर उघडं ठेवायची कल्पना काकूंची. पूर्वी चार स्क्रू हवे असले तरी चिठ्ठी, सही आणि रांग. काकू स्टोअरवर आल्या आणि त्यांनी कुलूपच काढून टाकलं. लागतील तेवढे सुटे भाग घ्या, म्हणाल्या. दोन महिने दृष्ट लागावी असं चाललं. मग बेअरिंगचा नवा माल लांबणार अशी नुसती कुणकुण लागली, आणि दोन दिवसांत खोकं चाटूनपुसून साफ! एवढ्या बेअरिंगांच्या खुर्च्या तर बनल्याच नव्हत्या. म्हणजे ती इथेच कुठेतरी दडी मारून बसली होती.

काकूंनी सकाळी सगळ्यांना विचारलं होतं. सगळे एकजात साळसूद. मालकांनी तर वर ऐकवलं, "उघडं ठेवल्यावर दुसरं काय होणार?"

काकूंनी कुलपाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि त्या तडक जिना चढून वर गेल्या. वर मालकांची लेक खुर्च्यांची डिझाइनं करायची. काही बदललं तर बापाला सांगायचं असतं, हे तिच्या गावीही नव्हतं. दोनच मिनिटांत ती कठड्यावरून ओणवी होऊन ओरडली, "ऐका सगळे! बेअरिंगचं माप बदललंय! जुनी सगळी भंगारात टाका!"

"आत्ता?" उस्तादांच्या हातातला पाना खाली पडला. "अहो ताई, गाडी दारात आहे!"

"नवी येतायत! पण जुनं एकही कुणाजवळ दिसता कामा नये. ज्याच्याकडे सापडेल, त्यानं दहाच्या दहा खुर्च्या एकट्यानं खोलायच्या!"

काकूंनी खाली येऊन दाराशी एक घमेलं ठेवलं. तळाशी मऊ फडकं अंथरलं होतं. भंगाराचे एवढे लाड कोण करतं, असा प्रश्न त्या गडबडीत कुणालाच पडला नाही. "कुणाकडून आलं ते मी विचारणार नाही," असं म्हणून काकू भिंतीकडे तोंड करून बसल्या.

पहिला आला लांब्या. त्यानं जेवणाच्या डब्यातून दोन काढून टाकली. रंगाऱ्यानं मोज्यातून दोन काढली. मग खुद्द उस्ताद आले, रुमालाची गाठ सोडून तीन टाकली आणि उगाच खाकरत निघून गेले. काकू पाठमोऱ्या बसून आवाजावरून मोजत होत्या. सात! आणखी एक, फक्त एक!

कुणी येईना. गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. घड्याळात पावणेचार झाले.

तेवढ्यात केबिनचं दार करकरलं. पावलं घमेल्यापाशी येऊन थांबली आणि धप्पकन काहीतरी पडलं. काकू गर्रकन वळल्या. घमेल्यात बेअरिंगांचं अख्खं खोकं होतं, सीलही न फोडलेलं. शेजारी मालक उभे होते.

"अडीअडचणीला असावीत म्हणून खणात ठेवली होती," ते पुटपुटले. "या पोरीनं पार मातीत घातली."

काकूंनी घमेलं उचललं आणि पळतच उस्तादांचं टेबल गाठलं. "बसवा! माप तेच आहे!"

उस्ताद आधी लाजले, मग खो खो हसत सुटले. लांब्यानं एक चाक धरलं, रंगाऱ्यानं दुसरं. वरून ताई एकेक मिनिट ओरडून सांगत होती. चार वाजायला दोन मिनिटं असताना दहावी खुर्ची गाडीत चढली आणि सगळ्यांनी असा काही गलका केला की गाडीवाला दचकलाच.

काकूंना आनंद आवरत नव्हता. त्यांनी टेबलावरचं कुलूप उचललं आणि मालकांच्या हातात ठेवलं.

"साहेब, तुमच्या खणाला बसतंय का बघा."