खोकल्यासकट

वहिनीच्या पत्राला म्हाताऱ्याने आठ महिने उत्तर दिलं नव्हतं. "भाऊजी, तुमच्या डब्यातला ह्यांचा आवाज तेवढा पाठवा." दादा गेल्यावर कॉम्प्युटरच्या फायली साठवणारा तो डबाही मुका झाला होता. डिस्क दुसरीकडे उघडेना, कंपनीने हात वर केले. शेवटी त्याने डब्यापुरतं लिनक्स, म्हणजे तो चालवणारी प्रणाली, स्वतः बांधलं, सुरू होताना आत काय चाललंय ते पडद्यावर दिसावं म्हणून केबल जोडली. दरवेळी एकच ओळ येई: "बटण दाबलं, सुरुवात थांबवली." त्याने बोटही लावलं नव्हतं! चाळिसाव्यांदा तीच ओळ पाहून तो रडवेला झाला. "जमणारच नाही!" "अहो, सारखी नाडी धरून बसल्यावर तो उठेल कसा?" बायको म्हणाली. तो चमकला. केबलमधली विजेची खरखरच डब्याला बटण दाबल्यासारखी वाटत असेल? केबल उपटून डबा चालू करताच हिरवा दिवा लागला. आवाजाची फाईल उघडताच दादा खोकून बोलू लागला. पेनड्राइव्हसोबत उत्तर टपालपेटीत पडलं: "वहिनी, खोकला मुद्दाम ठेवलाय."