फिरलं तर बसव

इंजिन साखळीला टांगलेलं होतं. त्याच्या खाली गाडीचा उघडा सांगाडा, चार चाकं, दोन खुर्च्या, आणि पुढच्या बाजूला इंजिनासाठी सोडलेली रिकामी जागा. ग्विलिम चेनपुलीची साखळी हळूहळू सैल करत होते. शेजारचा हावेल ओणवा होऊन "अजून, अजून जरा" म्हणत होता.

"थांबा," दारातून आवाज आला.

नेरिस कुबडीवर भार देऊन उभी होती. अपघाताला दोन वर्षं झाली, पण तेव्हापासून बापाच्या या शेडमध्ये तिने पाऊल टाकलं नव्हतं.

"ते इंजिन नका बसवू."

"का गं? काय वाईट आहे त्यात?" हावेल कंबर धरत सरळ झाला. "माझ्या बायकोच्या जुन्या गाडीचं आहे. बायको रोज कुरकुरायची, पण हे एकदाही कुरकुरलं नाही."

"काका, त्याचा क्लच डाव्या पायाने दाबावा लागतो."

"तो मी दाबेन," ग्विलिम म्हणाले. "गाडी मी चालवणार आहे. तुला ब्रेकनच्या डोंगरात फिरवून आणेन, आबेरिस्ट्विथला समुद्रावर नेईन. त्यासाठीच तर चाललंय हे सगळं."

"मला कुणी फिरवून आणायला नकोय, बाबा."

साखळी ग्विलिमच्या हातात तशीच राहिली. इंजिन हवेत जरासं झुललं.

नेरिसने कुबडी उचलून कोपऱ्याकडे दाखवलं. तिथे ताडपत्रीखाली तिची मोटरसायकल पडली होती. पावसाने निसरड्या झालेल्या वळणावर अचानक मेंढी आडवी आली होती. मेंढी वाचली आणि नेरिसचा डावा पाय कायमचा लुळा झाला. मोटरसायकलचं पुढचं चाक दुमडलं, टाकी चेपली. इंजिनाला मात्र ओरखडासुद्धा आला नव्हता.

"त्यातलं बसवा. त्याचा क्लच हाताने दाबता येतो. गिअर दांडीने पुढेमागे. रेस आणि ब्रेकला उजवा पाय आहे माझा."

हावेल हसला. "अगं, त्याला रिव्हर्स नसतो! बाजारात गाडी लावलीस, तर मागे घ्यायला अख्खं गाव ढकलायला बोलावशील?"

"बोलावीन. पहिले तुम्ही या."

ग्विलिम हसले नाहीत. "मोटरसायकलचं इंजिन ते. चढावर गाडी ओढताना त्याला धाप लागेल. आणि मोटरसायकल वळणावर कलते, गाडी कलत नाही. सगळं ऑइल एका बाजूला धावेल, इंजिन कोरडं पडेल, फुटेल."

"ऑइलच्या तळपात्रात आडवे पडदे घालतात त्यासाठी."

"तुला कुणी सांगितलं?"

"वाचलं. दोन महिने दुसरं काही वाचलंच नाही."

"नेरिस, त्या इंजिनाने तुझा..."

"इंजिनाने नाही, बाबा. मेंढीने."

ग्विलिमचा चेहरा लाल झाला. त्यांनी साखळी आकड्याला अडकवली, भिंतीवरचा लांब दांड्याचा पाना काढला आणि तिच्यासमोर धरला.

"दोन हिवाळे ते त्या कोपऱ्यात पडलंय. इथली ओल तुला ठाऊक आहे. तूच फिरवून बघ. फिरलं तर बसव. नाही फिरलं, तर आजच ते धूड भंगारात जाईल, आणि या घरात पुन्हा तो विषय निघणार नाही. कबूल?"

"पोरी, नको ऐकूस त्याचं," हावेल पुटपुटला. "माझं गवत कापायचं यंत्र एका हिवाळ्यात दगड झालं होतं."

हावेल खरं बोलतोय, हे नेरिसला कळत होतं. याच भीतीने तर तिने इथे यायचं इतके दिवस टाळलं होतं.

"कबूल," ती म्हणाली.

ती जमिनीवर बसली. कुणी मदतीला आलं नाही, आलं असतं तर तिने येऊ दिलं नसतं. तिने ताडपत्री ओढली. चेपलेल्या टाकीकडे एकदा पाहिलं, मग पाहिलं नाही. एकेक करून प्लग काढले. इंजिनाच्या बाजूचं झाकण खोललं आणि इंजिन हाताने फिरवायच्या आतल्या मोठ्या नटावर पाना चढवला. जाम झालेलं इंजिन कसं लागतं, हे तिला माहीत होतं. भिंत ओढल्यासारखं. तिने धडधाकट पाय मोटरसायकलच्या फ्रेमला टेकवला, डोळे मिटले, दात आवळले आणि अंगातलं सगळं बळ एकवटून पाना ओढला.

आणि ती पाठीवर उताणी पडली.

इंजिन इतकं अलगद फिरलं होतं की तिचा सगळा जोर वायाच गेला.

"जिंकलीस! जिंकलीस गं पोरी!" हावेल शेडभर नाचायला लागला. "लेका ग्विलिम, तोंड बघ तुझं!"

नेरिस फरशीवर पडल्या पडल्या हसत सुटली. हसता हसता तिने शेजारी काढून ठेवलेला एक प्लग उचलून डोळ्यांसमोर धरला, आणि तिचं हसू थांबलं. प्लगवर गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता. ती उठून बसली. इंजिनाच्या बुडाशी ऑइल बघायची गोल काच होती. तिने ती अंगठ्याने पुसली. अपघाताच्या दिवशी ते ऑइल काळंकुट्ट होतं. बदलायचं म्हणता म्हणता राहून गेलं होतं. आता काचेमागे मधाच्या रंगाचं, स्वच्छ ऑइल होतं.

"बाबा," ती म्हणाली, "यातलं ऑइल कुणी बदललं?"

ग्विलिम तिच्याकडे पाठ करून उभे होते. हावेलच्या बायकोच्या गाडीचं इंजिन ते साखळी ओढून पुन्हा वर घेत होते, सांगाड्यापासून दूर. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"मी आपणहून ते तुला कधीच दिलं नसतं," ते म्हणाले. "पण तू मागायला आलीस, तर ते मेलेलं सापडायला नको होतं."