नमुन्याबरहुकूम

सुतारआजोबांचा माल चाळीस वर्षांत एकदाही परत आला नव्हता, कारण गिऱ्हाइकाच्या नमुन्यात ते आपलं डोकं चालवत नसत. यंदाचं गिऱ्हाईक पाच वर्षांचं होतं. त्या पोरीने ठोकळे जोडून छोटंसं टेबल केलं आणि सांगितलं, "ठोकळे खेळायला मला अस्संच हवंय, पण मोठं."

आठ दिवसांनी टेबल घरात आलं आणि पोरीच्या आईने कपाळावर हात मारला.

"अहो आजोबा, एक पाय चार बोटं आखूड!"

"नमुन्यात तसाच आहे, बाई."

"माझे ठोकळेच संपले होते," पोरगी म्हणाली.

आजोबांचा चेहरा उतरला. माल परत न्यायचा म्हणून ते टेबल उचलायला खाली वाकले. तेवढ्यात पोरीने टेबलावर उंच मनोरा रचला. टेबल डुगडुगलं, मनोरा धाडकन कोसळला आणि पोरगी टाळ्या पिटत नाचायला लागली.

"भूकंपाचं टेबल! आजोबा, उरलेले तीन पायपण एवढेच आखूड करा ना, म्हणजे चारी बाजूंनी हलेल!"

आई काही बोलणार, तोच आजोबांनी तिला डोळ्यांनीच दटावलं आणि "जशी आज्ञा, बाईसाहेब," म्हणत घाईघाईने करवत काढली.