अर्धा सूर खाली

तिनं खुर्ची पलंगाच्या अगदी जवळ ओढली. सरांना मान फिरवता येत नव्हती, तरी आपण त्यांच्या नजरेसमोरच राहू याची ती खात्री करून घेत होती. मग रीडची पातळ पट्टी ओठांत भिजत ठेवून ती क्लॅरिनेटचे तुकडे एकेक करून जोडू लागली.

सरांचा डावा डोळा तिच्या हातांवर होता. पक्षाघाताच्या झटक्यात उजवी बाजू लुळी पडली होती, वाचा गेली होती. कान मात्र शाबूत होते. ते कळलं त्याच दिवशी तिनं इथं यायचं ठरवलं होतं.

आधी लांब सूर. एका श्वासात एकच, न थरथरता. सरांचीच शिस्त ती. ते केल्याशिवाय धुनेला हात लावायचा नाही. मग तिनं ती धून धरली. सरांनी तरुणपणी स्वतः बांधलेली आणि जिवापाड जपलेली. खालून, कुजबुजल्यासारखी उठायची, सावकाश चढत जायची आणि शेवटी एका उंच सुरावर श्वास संपेपर्यंत थांबायची. त्या सुरापर्यंत ती बिनचूक गेली. बोट ठेवायला जागा नाही, असं वाजवत गेली. आणि तिथं, रोजच्यासारखी, अर्धा सूर खाली थांबली.

सरांचा डोळा विस्फारला. गळ्यातून घरघर आली. त्या डोळ्यात पाहत तिनं तो चुकीचा सूर निवांत ताणला.

अनेक वर्षांपूर्वी वाद्यवृंदाच्या निवडीत याच सुरावर तिची रीड चिरकली होती. सर परीक्षकांकडे वळून म्हणाले होते, "फुंकायचीच हौस असेल तर हिला चूल द्या फुंकायला." खोली खो खो हसली होती. मागच्या रांगेत तिचे वडील होते. त्यांनी उठून क्लॅरिनेटची पेटी उचलली आणि सरळ दाराबाहेर नेली. पुढं ती नावारूपाला आली, पण वडील पुन्हा कधी तिचं वाजवणं ऐकायला बसले नाहीत. ऐकायला बसायचं राहूनच गेलं, आणि ते गेले.

दार लोटून काकू आत आल्या. सरांच्या पत्नी. त्यांच्या मागे सरांकडून व्यायाम करून घेणाऱ्या बाई होत्या.

"बघा, हीच ती," काकू म्हणाल्या. "ह्यांनी ज्यांना डोक्यावर घेतलं त्यांनी साधा फोन केला नाही हो. उगवत्या सूर्याला नमस्कार करणारी जात. आणि ही पोरगी रोज येते, न बोलावता." त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिनं मान खाली घातली आणि रीड धरणारा स्क्रू उगाच घट्ट केला.

"तुम्हाला काकूंनी सांगितलं का?" बाईंनी विचारलं. "तुम्ही वाजवता तेव्हा सरांची उजव्या हाताची बोटं हलतात."

"उजव्या?"

"हो, लुळ्या. मी इतके दिवस मालिश करतेय, नुसता लाकडाचा ठोकळा. आणि तुमच्या त्या धुनेच्या शेवटी, काकू म्हणतात, बोटं वळतात. मुठीसारखी."

"मी डोळ्यांनी पाहिलंय," काकू म्हणाल्या. "शेवटचा तो लांब सूर आला की वळतात. मघाशीही वळली, मी दाराच्या फटीतून पाहत होते."

तिनं पहिल्यांदाच चादरीवरच्या त्या हाताकडे पाहिलं. आजवर तिचं लक्ष फक्त डोळ्यावर असायचं.

"हे असंच रोज झालं तर हात परत येईल," बाई म्हणाल्या. "आज हात, उद्या कदाचित वाचा. संगीताची ताकद बघा. मला एकदा स्वतः तपासायचंय. वाजवता का?"

संगीताची ताकद. त्या सुरात काय होतं ते या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यांतल्या एकाला बोलता येत नव्हतं.

बाईंनी सरांचा उजवा पंजा आपल्या तळव्यावर घेतला. काकू पलंगाच्या पायथ्याशी हात जोडून उभ्या राहिल्या. सरांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यात नुसता जाळ होता. पुढं काय येणार हे त्यांना माहीत होतं, आणि ते त्याच्यासाठी दबा धरून बसले होते.

तिनं पोट भरून श्वास घेतला.

धून खालून उठली. अंगण ओलांडून कुणी सावकाश घराकडे यावं तशी वर येत गेली. शेवटच्या चढावर तिची बोटं क्षणभर चाव्यांवर रेंगाळली. मग तिनं तो उंच सूर लावला.

बरोब्बर लावला. जिथं असायला हवा तिथंच. गोल, भरलेला, जराही न चिरकणारा. तिनं तो धरून ठेवला, छातीतली हवा संपेपर्यंत, आणि मग इतका हळू सोडला की कुठं संपला ते कळलंही नाही.

सरांच्या डोळ्यातला जाळ विझला. तो भरून आला, पाणी कानापर्यंत ओघळलं आणि पापणी मिटली. चेहरा झोपलेल्या मुलासारखा सैल झाला.

"काहीच नाही," बाई म्हणाल्या आणि पंजा चादरीवर ठेवला.

"असं कसं? अहो, आत्ता तर..." काकू तिच्याकडे वळल्या. "अगं, पुन्हा एकदा वाजव ना. मघासारखं."

तिनं क्लॅरिनेटचे तुकडे सुटे केले होते. नळीतून फडकं ओढता ओढता ती शांतपणे म्हणाली, "काकू, याहून चांगलं मला नाही वाजवता येणार."